काठमांडूची मुलाखत: बायको चितवनची, मी सांगलीचा

"भारतीयांना डीव्ही लॉटरी चालत नाही ना? मग तुझं कसं झालं?" डीव्ही म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायला सोडतीने मिळणारा डायव्हर्सिटी व्हिसा. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. आमच्या घरातही सुरुवातीला हीच शंका होती. त्या शंकेपायी मी स्वतःला यातून बाद धरूनच बसलो होतो.

डीव्हीमध्ये पासपोर्ट कुठल्या देशाचा हे बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक अमेरिकेत कायमचे राहायला गेले, तो देश त्या वर्षी बाद. भारत म्हणूनच बाहेर आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि चीनही बाहेर. नेपाळ आणि श्रीलंका आत, ओमान, कुवेत, बहारीन, अमिरातीही आत. म्हणजे मस्कतला जन्मलेला, रत्नागिरीत शिकलेला, भारतीय पासपोर्टवाला आपला मुलगा पात्र ठरतो. आखातात वडिलांची नोकरी असताना जन्मलेली अशी मराठी मुलं मला स्वतःला चार-पाच माहीत आहेत. त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

उलटंही होतं. पुण्यात सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत जन्मलेली नेपाळी मुलगी नागरिकत्वाने नेपाळी असली तरी जन्माने भारताची धरली जाते. तिला दोनच वाटा उरतात. एक, लग्न झालं असेल तर नवऱ्याचा जन्मदेश लावायचा. त्यात दोघांनी एकत्र व्हिसा घेऊन एकत्रच अमेरिकेत शिरावं लागतं. दुसरी, तिच्या जन्माच्या वेळी आई आणि वडील दोघांपैकी कोणीही भारतात जन्मलेलं किंवा भारताचं रहिवासी नसेल, तर त्यांच्यापैकी एकाचा देश लावता येतो. आई उपचारांपुरती आली आणि बाळंत झाली, अशांसाठी ही सवलत आहे. पंधरा वर्षं पुण्यात नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलीला ती मिळत नाही. अर्जात खोटं जन्मगाव टाकून हा प्रश्न सुटत नाही. मुलाखतीत जन्माचा दाखला मूळ प्रतीत मागतात.

आता आमचं. बायको नेपाळच्या चितवन जिल्ह्यातल्या भरतपूरची, २०१७ साली शिकायला पुण्यात आली. तिने ऑक्टोबर २०२२ मध्ये डीव्ही-२०२४ चा अर्ज भरला, तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं. म्हणून 'अविवाहित' लिहिलं आणि ते खरं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली आणि मे २०२३ मध्ये तिची निवड झाल्याचं कळलं. डीव्ही लागला याला नेपाळीत म्हणतात, "डीभी पर्‍यो." सासऱ्यांनी फोनवर एवढेच दोन शब्द उच्चारले आणि पुढे त्यांना बोलता येईना.

अर्ज भरल्यानंतर झालेलं लग्न नियमात बसतं, नवऱ्याचा जन्म भारतातला असला तरी. मुख्य अर्जदार पात्र असला की जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्याच्याबरोबर जातात, त्यांचा जन्म कुठलाही असो. पण अर्जाच्या दिवशी लग्न झालेलं असेल आणि जोडीदाराचं नाव टाकलं नसेल, तर मुख्य अर्जदारच बाद होतो. मुलांचंही तसंच, ती बरोबर येणार नसली तरी नावं लागतातच. मात्र अर्जानंतरच्या लग्नाकडे दूतावास बारीक नजरेने बघतो. डीव्ही लागलेल्या मुलामुलींशी कागदोपत्री लग्नं लावून देणारे दलाल आहेत, त्यामुळे खऱ्या जोडप्यालाही पुरावे दाखवावे लागतात. आमचा अर्धा प्रवास त्यातच गेला.

निकाल फक्त अधिकृत संकेतस्थळावर अर्जाचा पुष्टी क्रमांक टाकून कळतो. 'तुम्ही जिंकलात' अशी ईमेल किंवा पत्र आलं तर ते खोटं समजा. नेपाळात कितीतरी लोक सायबर कॅफेतून अर्ज भरतात आणि क्रमांक दुकानदाराकडेच राहतो. मग निवड झाल्यावर तो त्यासाठी पैसे मागतो. बायकोने अर्ज स्वतः भरला आणि पुष्टीचं पान छापून घेतलं. ती घडी पडलेली कागदाची प्रत अजून फाईलमध्ये आहे. आणि निवड म्हणजे व्हिसा नव्हे. निवड बऱ्याच वर्षी लाखाच्या वर लोकांची झाली, कायद्याने व्हिसा ५५ हजार, आणि एका देशाला त्यातले ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुठल्या क्रमांकापर्यंतच्या लोकांची पाळी आली हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकात, नेपाळचा आकडा बऱ्याचदा बाकीच्या आशियापेक्षा वेगळा असतो, तोच बघत राहायचा.

निवड झाल्यावर दोघांचे डीएस-२६०, म्हणजे कायमच्या व्हिसाचे अर्ज, ऑनलाइन भरले आणि मग कागदांच्या मागे लागलो.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती तिच्या जन्मतारखेने. नेपाळात सगळे कागद विक्रम संवतात असतात. तिचा जन्म २०५० सालच्या पुस महिन्यातला, २० तारखेचा. २०५० मधून ५७ वजा केले की १९९३ येतं, आणि शाळेत कोणीतरी तेच करून टाकलं होतं. पण पुस महिना डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. तिचा खरा जन्म ४ जानेवारी १९९४ चा. पासपोर्टवर १९९४, नागरिकता प्रमाणपत्रावर संवताची तारीख, आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर १९९३. आम्ही भरतपूरच्या वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयातून दोन्ही पंचांगांतली जन्मतारीख लिहिलेला सिफारिस, म्हणजे शिफारशीचा, कागद घेतला आणि गुणपत्रिका दुरुस्त करायला दिली. दुरुस्त प्रत मुलाखतीच्या आदल्या महिन्यात हातात आली. तुमचा नेपाळी जोडीदार माघ किंवा पुसातला असेल, तर आज रात्रीच सगळ्या कागदांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

माझ्या बाजूने अडचण दुसरीच. गावच्या जन्मनोंदीत नुसतं 'मुलगा' लिहिलेलं, नावाची जागा कोरी. आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत जन्मलेल्या हजारोंच्या नोंदी अशाच आहेत. ग्रामपंचायतीतून आहे तसा दाखला घेतला, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आई व मोठे काका या दोघांची शपथपत्रं जोडली. शपथपत्रात जन्माची जागा, तारीख, आईवडिलांची पूर्ण नावं आणि शपथ घेणाऱ्याला हे कसं माहीत, हे सगळं लिहून घेतलं. काकांनी लिहिलं, "बाळंतपणाला बैलगाडीतून सुईणीला मीच आणलं." आमच्या वकिलांना ते वाक्य काढायचं होतं, मी ठेवायला लावलं.

पोलिसांचे दाखले असे लागले: माझा भारताचा, तिचा नेपाळचा, आणि तिचा भारताचाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आपल्या नागरिकत्वाच्या किंवा सध्या राहत असलेल्या देशात सहा महिन्यांहून जास्त, किंवा दुसऱ्या कुठल्याही देशात बारा महिने किंवा जास्त राहिलं की तिथला दाखला लागतो. माझा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळाला, फी ५०० रुपये. तिचा नेपाळचा नेपाळ प्रहरीकडून, म्हणजे तिथल्या पोलिसांकडून. तिच्या भारतातल्या दाखल्यासाठी पासपोर्ट सेवेचा रस्ता नव्हता, तो पोलिसांकडेच मागावा लागला. तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला असते. बारा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण, किंवा मागच्या पाच वर्षांत अशा कामाचा दोन वर्षांचा अनुभव ज्याला किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. नेपाळातली नुसती दहावी पुरत नाही. तिची बारावी होती, म्हणून इथे वेळ गेला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये मी दिल्लीमार्गे काठमांडूला उतरलो. ती आधीच माहेरी होती. भरतपूरच्याच नारायणगढहून बसने निघाली, मुग्लिनच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, आठ तास लागले. तारीख निवडताना आमच्याकडून एक गोष्ट सुटली: १३ एप्रिलला २०८१ चं नेपाळी नववर्ष लागत होतं आणि कचेऱ्या बंद. एका शिक्क्यासाठी दोन दिवस हातावर हात ठेवून बसलो. शनिवार तिथे सुट्टीचा असतो, हेही लक्षात ठेवा. भारतीय नोटा त्या वेळी १०० पर्यंतच्याच चालत. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. फोन आपोआप करतो, मनगटावरचं करत नाही. माझ्या शेजारच्या खोलीत उतरलेले बिहारचे एक जावई मुलाखतीला दहा मिनिटं उशिरा पोचले होते. त्यांना आत घेतलं, पण बिचाऱ्यांचा घाम दुपारपर्यंत आटला नव्हता.

वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमून दिलेल्या ठिकाणीच करावी लागते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, आणि लसी. माझ्याकडे लहानपणीच्या लसींचं कार्ड नव्हतं, त्यामुळे गोवर-गालगुंड, धनुर्वात, कांजिण्या सगळं पुन्हा टोचलं. बायकोचं पिवळं पडलेलं कार्ड आईने पेटीत जपून ठेवलं होतं, तिचे निम्मे पैसे वाचले. एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाची खूण दिसली तर थुंकीची तपासणी लागते आणि तिच्या कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला) आठ आठवडे जातात. डीव्हीचा व्हिसा अमेरिकेचं आर्थिक वर्ष संपताना, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतच मिळतो, नंतर एक दिवसही नाही. आमच्याबरोबर रांगेत असलेल्या एका काकूंना थुंकीची तपासणी लागली होती. त्यांच्या हातात मे ते सप्टेंबर होतं म्हणून निभावलं. घरात कोणाला कधी क्षय झाला असेल तर तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मुलाखत महाराजगंजला, अमेरिकी दूतावासात. आम्ही जवळच चक्रपथला राहिलो आणि सकाळी चालत गेलो. फोन आत नेता येत नाही. आधी खिडकीवर कागद घेतले, मग माणशी ३३० डॉलर भरले. व्हिसा मिळाला नाही तरी ते परत मिळत नाहीत. दोन तासांनी नाव पुकारलं. उजवा हात वर करून शपथ घेतली. अधिकारी बाई तरुण होत्या, नेपाळी चांगलं बोलत होत्या. बायकोला शिक्षणाचे दोन प्रश्न, आणि मग लगेच लग्न. कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, सासूबाई कुठल्या भाषेत बोलतात.

मग त्यांनी एक कागद उचलला आणि बराच वेळ हातात धरला. नोंदणी विवाहासाठी बायकोने भरतपूरच्या वडा कार्यालयातून अविवाहित असल्याचं पत्र आणलं होतं, नोव्हेंबर २०२२ चं. डीव्हीचा अर्ज ऑक्टोबरचा. म्हणजे अर्जाच्या वेळी ती खरंच अविवाहित होती, हे सरकारी शिक्क्यानिशी सांगणारा कागद आमच्याकडे दुसऱ्याच कामासाठी तयार झाला होता. बाईंनी शिक्क्याखालच्या तारखेवर पेनाचं टोक ठेवलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा तारखेवर ठेवलं. माझ्या छातीत धडधडत होतं.

त्या दिवशी व्हिसा मंजूर झाला नाही. लग्नाचे आणखी पुरावे द्या, असं लिहिलेली चिठ्ठी मिळाली. २२१-जी म्हणतात तिला. बाहेर येऊन बायको फुटपाथवर बसून रडली. तुम्हालाही ती मिळाली तर घाबरू नका, तो कायमचा नकार नसतो, मागितलेला कागद दिला की प्रकरण पुढे सरकतं. आम्ही दिलं ते असं: लग्नाच्या आधीचे, २०२१ पासूनचे एकत्र फोटो; लग्नानंतरचा दोघांच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार; माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तिचं नाव; आणि सांगलीतल्या घरातला एक फोटो. त्यात तिच्या गळ्यात मंगळसूत्र आणि हिरव्या मण्यांची नेपाळी सौभाग्यमाळ 'पोते' दोन्ही आहेत, शेजारी नेपाळी ढाका टोपी घातलेले सासरे आणि आमची आजी एका ताटातून पुरणपोळी खाताहेत. फोटोंच्या मागे तारीख, जागा आणि माणसांची नाती लिहिली. शंभर फोटो देऊ नका, वीस द्या, पण वेगवेगळ्या वर्षांचे आणि घरच्यांसोबतचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट परत आले, व्हिसासकट. अमेरिकेत शिरताना मुख्य अर्जदार आधी किंवा बरोबर हवा, जोडीदार एकटा पुढे जाऊ शकत नाही. त्याआधी माणशी २३५ डॉलरची वेगळी फी ऑनलाइन भरली, ग्रीन कार्ड त्याशिवाय छापत नाहीत.

आता जे पुढे याच वाटेने जाऊ पाहतात त्यांच्यासाठी महत्त्वाचं. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने डीव्ही कार्यक्रम थांबवल्याचं जाहीर केलं. त्याआधी त्याच वर्षी अर्जाला एक डॉलर फीही लागू केली होती. त्यामुळे कोणी दलाल आज तुमच्याकडून 'नाव नोंदवून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, आधी अमेरिकी परराष्ट्र खात्याचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. कागद मात्र आत्ता जमवायला हरकत नाही. जन्मनोंदीत नाव नसेल तर आई, काका, मावशी हयात असतानाच शपथपत्रं करून घ्या. आमच्या काकांनी सही केली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. फेब्रुवारीत ते गेले.