तिसरा भाग: हरवलेल्या तीस फ्रेम्स सापडल्या

सापडलं! काल रात्री पावणेदोनला सापडलं. आमच्या युट्यूबवरच्या मालिकेच्या तिसऱ्या भागाचा सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, कशामुळे सुटत होता ते कळलं आणि दुरुस्तही झालं. तीन आठवडे या एका गोष्टीनं झोप उडवली होती, म्हणून आज आधी तेच सविस्तर लिहिते. पोस्टर, चौथ्या भागाची तालीम वगैरे शेवटी जागा उरली तर.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, तिसरा भाग म्हणजे अख्खा एकच टेक. नऊ मिनिटं, मधे कुठे कट नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली मेस, रात्रीच्या जेवणाची वेळ, ताटावर बसलेली चार पोरं, वाढणाऱ्या काकू. बोलता बोलता लाइट जाते. पाच सेकंद मिट्ट काळोख. मग काकू चार्जिंगचा दिवा लावतात आणि त्या उजेडात थोरल्याचं खोटं उघडं पडतं. दोन रात्रींत आठ टेक झाले, त्यातला सातवा ठेवला. चित्र फोनवर, आवाज झूम एच१एन या वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी.

घरी येऊन चित्रावर आवाज चढवला. पहिली टाळी जुळवली, झकास. शेवटची टाळी बघितली, तीही बरोब्बर. आणि मधे सगळा घोळ! सुरुवातीला दोन-तीन फ्रेम्सचा फरक (सेकंदाला तीस चित्रं, त्यातलं एक म्हणजे एक फ्रेम), मग पाच, मग आठ. लाइट जायच्या आधीच्या वाक्याला शब्द आधी ऐकू येतोय आणि ओठ अकरा फ्रेम्स मागून हलतायत. दिवा लागल्यावर बरोबर उलटं: ओठ पुढे, आवाज मागे, तोही अठरा-एकोणीस फ्रेम्सनी. नंतर ते अंतर हळूहळू कमी होत शेवटच्या टाळीला शून्य. दोन्ही टोकं जुळतात आणि मधला सगळा भाग विसकटलेला, असा सिंक मी आजवर पाहिला नव्हता.

पहिला संशय अर्थातच सॅम्पल रेटवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात त्यावर. रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर आणि एडिटिंगची टाइमलाइन ४८ वर, हे आपल्या सगळ्यांचं जुनं दुखणं. पण ती गडबड असती तर नऊ मिनिटांत चाळीस सेकंदांहून जास्त फरक पडला असता आणि काकूंचा आवाज कार्टूनसारखा झाला असता. तपासलं, दोन्हीकडे ४८च होतं. दुसरा संशय रेकॉर्डरच्या घड्याळावर. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत, हे खरं. पण दहा लाखांत पन्नासचा फरक धरला तरी नऊ मिनिटांत तो २७ मिलिसेकंद होतो, म्हणजे एक फ्रेमसुद्धा नाही. शिवाय घड्याळाचा फरक वाढत जातो, शेवटी येऊन पुन्हा जुळत नाही. इथे तर शेवट जुळत होता.

साउंड बघणारी मैत्रीण म्हणाली, वाक्यावाक्याला आवाज कापून जुळव. एरवी मीही तेच करते. कट असलेल्या सीनमध्ये हा उपाय चालून जातो, कारण प्रत्येक शॉट नव्यानं जुळवता येतो. पण एकाच टेकमध्ये मेसचा अख्खा गलका सलग चालू असतो: वाट्या, नळ, मागच्या टेबलावरचं बोलणं. आवाज कापला की प्रत्येक जोडावर तो गलका अडखळतो. दोन रात्री घालवून सत्तावीस जोड दिले आणि सगळे पुसून टाकले. मग ठरलं की सगळा भाग डब करायचा. कपाटात गाद्या लावून जागाही तयार केली होती. मला ते मनापासून नको होतं. काकू नट नाहीत, मेस चालवतात. हातात पळी असताना त्यांच्या तोंडून जे बाहेर पडतं ते कपाटात उभं राहून पडणार नाही.

काल रात्री सहज तीच फाइल लॅपटॉपवर न बघता फोनवरच लावली, आणि काय! फोनच्या स्वतःच्या आवाजाबरोबर चित्र शेवटपर्यंत जुळलेलं. म्हणजे फाइल धड आहे, टाइमलाइनवर गेल्यावर बिघडते. मग मीडियाइन्फो उघडलं. (फाइलची सगळी माहिती दाखवतं, फुकट आहे, छोटंसं आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांनी आजच घ्या.) फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती फ्रेम्स) ओळीत लिहिलेलं: व्हेरिएबल, म्हणजे बदलता. किमान २४, कमाल ३०, सरासरी २९.९४४.

वही काढली. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद, तीसनं गुणलं की १६,२०० फ्रेम्स. फाइलमध्ये किती? १६,१७०. तीस फ्रेम्स कमी! फोन किमान चोवीसवर उतरलाय, म्हणजे सेकंदाला सहा फ्रेम्स कमी. तीसला सहानं भागा: पाच. पाच सेकंद. आमचा काळोख पाच सेकंदांचा आहे!

मी खुर्चीतून उठलेच. झालं होतं असं: लाइट गेल्याबरोबर फोननं उजेड कमी पाहून प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ मिळावा म्हणून स्वतःहूनच फ्रेम्स कमी केल्या. दिवा लागला, पुन्हा तीसवर आला. फोनवर बघताना प्रत्येक फ्रेम आपापल्या वेळेलाच दिसते, म्हणून काही जाणवत नाही. टाइमलाइन मात्र सगळ्या फ्रेम्स सारख्या अंतरावर मांडते, सरासरी २९.९४४ धरून. म्हणून काळोखाआधीचं चित्र ताणलं जाऊन मागे पडत गेलं, काळोखात एकदम पुढे उडी मारली, आणि सरासरीच असल्यामुळे शेवट आपोआप जुळला. अकरा फ्रेम्स मागे आणि अठरा-एकोणीस पुढे, दोन्ही आकडे हिशेबात चपखल बसतात. शूटच्या रात्री सेटवर हा सेटिंगचा पर्याय कोणी उघडूनच पाहिला नव्हता. तुमच्या फोनमध्येही बघा, व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ (एफपीएस म्हणजे फ्रेम रेटच) किंवा तशाच नावानं असतो. बंद करा.

उपाय अगदी साधा निघाला. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल घातली, फ्रेम रेट ३०, खाली ‘कॉन्स्टंट’ म्हणजे स्थिर, क्वालिटी आरएफ १६ (आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं). एवढंच. काळोखातल्या तीस फ्रेम्स ते दुहेरी करून भरतं, आणि तिथे पडद्यावर काळ्याशिवाय काही नसल्यामुळे डोळ्याला कळतही नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी चहा केला, तो थंड झाला तरी प्यायलाच नाही. फाइल तयार झाल्यावर पहिली टाळी जुळवली आणि सरळ तिसऱ्या मिनिटावर गेले. काकू म्हणतात, ‘भात घेतोस का रं?’ ‘घेतोस’चा ओठ आणि ‘घेतोस’चा आवाज एकत्र. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. ते एक वाक्य मी दहा-बारा वेळा बघितलं.

तर डबिंग रद्द. गाद्या परत पलंगावर.

पुढचे दोन भाग फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर घेणार नाही. ओपन कॅमेरा हे अ‍ॅप बसवलंय, फुकट आहे. तुमचा फोन मॅन्युअल एक्स्पोजर देत असेल तर शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) दोन्ही बांधून ठेवता येतात, मग फोनला स्वतःचं डोकं चालवायला जागा उरत नाही. शटर १/५० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे येत नाहीत. पहिल्या भागात मागच्या भिंतीवर जे पट्टे दिसतात ते याच कारणानं. सेकंदाला पंचवीस फ्रेम्सवर जावं असंही एकदा वाटलं होतं, पण तीन भाग तीसवर आहेत. अर्ध्यात बदलणार नाही.

माइकबद्दल खूप जणांनी विचारलंय. बिनवायरीचा स्वस्त जोड आम्ही एका दुकानातून भाड्यानं आणला होता. हॉस्टेलच्या वायफायजवळ गेलो की तुटायचा आणि दुकानदार म्हणायचा, तुम्हालाच वापरता येत नाही. परत केला. आता कपड्याला लावायचा साधा वायरवाला लेपल माइक आणि टेबलावर मिठाच्या बरणीमागे रेकॉर्डर. काकूंना सुती साडी नेसायची विनंती केली. सिंथेटिक पदराची सळसळ कशानंच निघत नाही. माइक मायक्रोपोर चिकटपट्टीनं आतून चिकटवा आणि वायरला एक सैल गाठ मारा, हिसका माइकपर्यंत पोचत नाही.

भाड्याचं परत करून येताना खरी कॉर्नरवरून आले. कॅमेरा स्तंभापाशी थांबले जरा. कोल्हापुरात वाढल्यामुळे तो रोजचाच, पण त्या दिवशी नीट बघितला. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि पुण्याला जायच्या आधी, १९३२ मध्ये, मराठीतला पहिला बोलपटही इथेच झाला. ओठ आणि आवाज जुळवायची खटपट या गावात तेव्हापासून चालू आहे. परवा मी रडकुंडीला आले होते, गावाची ही जुनी खटपट आठवून जरा बरं वाटलं.

सबटायटलचं काम अर्धं झालंय. नागपूरच्या मैत्रिणीनं मसुदा वाचून विचारलं, ‘तुमची हिरॉइन ‘मी येतो’ का म्हणते? चूक आहे का?’ चूक नाही, कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. मराठी सबटायटलमध्ये ते तसंच राहील.

आणि आता, हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचलीय आणि हात थांबेनात. काळोख पाच सेकंदांचा आहे. पूर्ण काळा. मग तिथे कट का नको? बघणाऱ्याला तो दिसणारच नाही! एकच टेक ठेवायचा हट्ट होता म्हणून मी सातवा निवडला, कारण तो शेवटपर्यंत गेला. पण चौथ्या टेकची पहिली तीन मिनिटं त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत. त्यात धाकटा वाक्य विसरून काकूंच्या तोंडाकडे बघत बसला, तर काकूंनी पळी आपटून स्वतःहून म्हटलं, ‘जेव की! माझ्या तोंडाला काय रस्सा लागलाय?’ आणि सगळं टेबल खरंखुरं हसलं. पुढे सहाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून तो टेक गेला. काळोखापर्यंत चौथा, काळोखानंतर सातवा. का नाही?

उठून दोन्ही टेक शेजारी लावून बघून आले. कपडे तेच. ताटं साधारण सारखी. धाकट्याच्या ताटात चौथ्यात अर्धी भाकरी, सातव्यात जेमतेम चतकोर, पण ते ताट कडेला आहे, फ्रेम थोडी आत ओढली की जाईल. अडचण एकच: थोरल्याचा स्टीलचा ग्लास. चौथ्यात ताटाच्या डावीकडे, सातव्यात उजवीकडे, आणि तो अगदी मधोमध आहे. दिवा लागल्यावर ग्लास आपोआप इकडून तिकडे गेलेला दिसणार.

पण काळोखात आवाज तर आहे! पाच सेकंद चित्र नाही, नुसता आवाज. त्यात टेबलावरून ग्लास सरकल्याचा आवाज घातला, त्यावर एखादा ‘ए, पाणी सांडशील’ असा पुटपुटता आवाज, की झालं. काळोखात थोरल्यानं पाणी प्यायलं. त्याच्या तोंडाला कोरड पडलीय हे तर गोष्टीत बसतंच, पुढच्याच मिनिटाला त्याचं खोटं पकडलं जाणार आहे. हे स्क्रिप्टमध्ये असतं तर किती बरं झालं असतं असं वाटतंय.

म्हणजे शुक्रवारी भाग येत नाही. वाट बघणाऱ्यांनो, माफ करा, पण हा बदल केल्याशिवाय मला तो टाकवणार नाही. चौथा टेकही आधी हँडब्रेकमधून काढायचा आहे, ते आत्ता लावलं. अपलोड करताना १०८० ओळींचं चित्र १४४०चं करून चढवणार आहे. युट्यूब त्याला व्हीपी९ हा जास्त चांगला कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) देतं आणि काळोखाच्या कडा बऱ्याच स्वच्छ राहतात, दुसऱ्या भागाच्या जिन्याच्या सीनवर अनलिस्टेड, म्हणजे लिंकशिवाय न दिसणारं, टाकून पडताळून बघितलंय. पोस्टर पुढच्या वेळी.

दोन टेक दोन वेगळ्या रात्रींचे असल्यामुळे जोडाखाली टाकायला नवीन रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) लागेल आणि ग्लासही त्याच टेबलावर सरकवावा लागेल, दुसऱ्या लाकडाचा आवाज लगेच कळतो. काकूंना फोन केला. म्हणाल्या, साडेदहाला मेस बंद झाली की ये, पण आधी जेवायचं. रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून मी फ्रिज बंद करते, हे त्यांना माहीत आहे. ‘आणि फ्रिज बंद करून तश्शीच जाऊ नको हां, माझं दूध नासंल.’ मी नेहमीसारखी माझ्या स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवणार आहे, म्हणजे तो चालू केल्याशिवाय मला घरी जाताच येणार नाही. दहा वाजत आलेत. निघते.