सहकार्य करत नाहीत

अमेरिकेत फिजिओथेरपीला फिजिकल थेरपी म्हणतात आणि त्या व्यवसायात शिरायला साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते. माझं दुसरं वर्ष संपत आलंय.

पहिल्या सत्रापासून नर्सिंग, फार्मसी, ऑक्युपेशनल थेरपी (रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी थेरपी) आणि आमची मुलं एकाच टेबलाभोवती बसून एकच केस सोडवायची. अभ्यासक्रमाला मान्यता हवी तर असं एकत्र शिकवणं इथे बंधनकारकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये याची व्याख्या केली: वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. मी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि मोकळी झाले.

मग हॉस्पिटलमधली पोस्टिंग सुरू झाली. एका आजोबांना पार्किन्सन, त्यात खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. रोज सकाळी आठला, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधून त्यांना उभं करायचे. उभे राहायचे, पण पाय जमिनीला खिळल्यासारखे. मी धीर द्यायचे, आकडे मोजायचे, पुन्हा बसवायचे. तिसऱ्या दिवशी नोंदीत लिहून टाकलं, 'सहकार्य करत नाहीत.' हे वाक्य आजही मला बोचतं.

त्याच दुपारी नर्स म्हणाली, "अगं, पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी मी त्यांना आठलाच देते. ती अंगात भिनायला वेळ नको का?" फार्मासिस्टनं पुढचं सांगितलं: भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली तर ती नीट शोषलीही जात नाही. आहारतज्ज्ञांनी लगेच न्याहारी पुढे ढकलली. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या लक्षात आलं होतं की ते बाथरूमच्या दाराशी जास्त अडकतात. तिनं तिथे जमिनीवर आडव्या चिकटपट्ट्या लावल्या, कारण डोळ्यांसमोर रेघ असली की गोठलेलं पाऊल उचलायला सोपं जातं. यातलं काहीच माझ्या अर्ध्या तासात मला दिसलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नऊला गेले. आजोबा पलंगाच्या कडेला बसून वाटच पाहत होते. उभे राहिले, वॉकर धरून दारापर्यंत आले. क्षणभर थबकले. मग पहिल्या रेघेपलीकडे टाच टेकवली, मग दुसऱ्या, आणि पट्ट्यावरची माझी पकड आपोआप सैल झाली.

जुनी नोंद पुसता येत नाही. तिच्याखाली मी पुरवणी जोडली: 'गोळीनंतर तासाभराने थेरपी घ्यावी. त्या वेळी रुग्ण चालतात.'