फिल्टरचे पाणी लेन्सला का चालत नाही?

कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करताना, विशेषतः लग्न ठरल्यावर पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला आलेल्यांकडून, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "लेन्स ठेवायचे सोल्युशन (जंतुनाशक द्रव) संपले, तर एखाद्या रात्री लेन्स पाण्यात ठेवली तर चालेल का? आमच्याकडे फिल्टर आहे." तुम्हीही तेच विचारलेत म्हणून स्पष्ट सांगतो, एका रात्रीपुरतेही चालणार नाही.

पिण्यायोग्य पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. नळाच्या, विहिरीच्या आणि तळ्याच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याच्यावर संकट आले की तो स्वतःभोवती दुहेरी भिंतीचे कवच तयार करतो आणि मग पाण्यात टाकलेल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. ते पाणी प्यायल्याने आपल्याला काही होत नाही. पण लेन्सला चिकटलेला हा जीव बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याशी, म्हणजे कॉर्नियाशी, तासन्‌तास टेकून राहतो आणि तिथे बारीकसा ओरखडा असला की आत शिरतो. त्यानंतरचे उपचार फार चिकाटीचे असतात: सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला थेंब, पुढे कित्येक महिने औषध, आणि पडद्यावर दाट व्रण राहिला तर कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया. शिवाय साध्या पाण्यात अश्रूंइतके क्षार नसल्याने मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बिघडतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते.

मग मीठ घालून उकळलेले पाणी का नको, असेही काही जण विचारतात. अमेरिकेत 1980 च्या दशकात मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच सलाईन करणाऱ्यांमध्ये याच अमिबाचा संसर्ग आढळला होता. विकतचे सलाईनसुद्धा फक्त खळबळण्यासाठी असते, ते जंतू मारत नाही. सोल्युशन संपले असेल तर त्या दिवशी चष्मा लावावा. लेन्स घालून पंचगंगेत किंवा तलावात पोहू नये, तोंडावर पाण्याचे हबके मारू नयेत, हेही त्यातच आले.

हात मात्र पाण्यानेच धुवायचे असतात, म्हणून ते साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करून मगच लेन्सला हात लावावा. आपल्याकडे वर्षाची चटणी करण्याचे दिवस आले की मी हे जरा जास्तच बजावून सांगतो, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, साबणाने एकदा धुतल्यावरही बोटांना राहतो आणि लेन्सबरोबर डोळ्यात जातो. त्या दिवशी, तसेच जोतिबाच्या गुलालातही, चष्माच बरा.

लेन्स ठेवायच्या डबीकडे कोणाचेच लक्ष नसते. जुन्या डबीच्या तळावरून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागला तर तो जंतूंचा थर आहे आणि अमिबा त्याच जंतूंवर जगतो. रोज सकाळी जुने सोल्युशन ओतून टाकावे, त्यात नवी भर घालू नये. डबी ताज्या सोल्युशनने चोळून, टिश्यूने पुसून, झाकणे काढून पालथी ठेवावी आणि दर 3 महिन्यांनी बदलावी. रात्री लेन्स सोल्युशनचे थेंब टाकून तळहातावर बोटाने चोळावी, मग खळबळून डबीत ठेवावी. नुसती बुडवून ठेवणे पुरेसे नाही.

पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या गाडीत लेन्स घालूनच झोपणारेही पुष्कळ आहेत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. पापणी मिटलेली आणि वर लेन्स, अशा स्थितीत तो कमी पडतो आणि संसर्गाचा धोका 6 ते 8 पट वाढतो. गाडीत बसण्यापूर्वीच लेन्स काढून ठेवावी.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर लाली ओसरते आणि संसर्ग आत वाढत राहतो. जाताना ती लेन्स आणि डबी फेकून न देता सोबत न्या. कोणता जंतू आहे हे कधीकधी त्यांच्या तपासणीतूनच कळते.