पाणी चढतंय, तरी आज मन शांत आहे

आज सकाळपासून पाऊस थांबलाच नाही. दुपारी कोयना धरणातून विसर्ग वाढवणार असा मेसेज ग्रुपवर आला आणि माझ्या छातीत धडधड सुरू, हात गार. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, जुलै लागला की सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 फुटांचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांची 25 ऐकलं तरी झोप उडते.

तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. सासऱ्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटात राहिलेलं, पाणी उतरल्यावर मिळालं ते फुगून दुप्पट झालेलं, आम्ही मिरजेला नणंदेकडे पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवलं. आजही ती पानं कडक आहेत, उलटताना करकरतात, आणि कडेला गाळाची तपकिरी रेघ आहे.

सासूबाई त्याच शास्त्रातून वाचतात. त्यांची प्रार्थना मी रोज ऐकते पण या पावसाळ्यात जरा कान देऊन ऐकायला लागले. मागणं सगळ्यात शेवटी. आधी आभार, आणि तेही मोघम नाही हां, "बापा, आज नळाला पाणी आलं, पोराचा ताप उतरला, शेजारणीनं भाजी दिली, तुझे उपकार." मग कुठं "नदीचं तू बघ." एवढंच. माझी प्रार्थना म्हणजे पाणी नको, पाणी नको, पाणी नको, म्हणजे डोळे मिटून पण मी पाणीच बघत असायची.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल हेच सांगतो, कशाची चिंता करू नका, आभार मानत आपलं मागणं देवाला कळवा, मग बुद्धीच्या पलीकडची शांती तुमची मनं राखेल. आणि हे त्यानं लिहिलं ते बंदिवासात असताना! त्यातही ज्यांना लिहिलं त्यांच्याच गावात, फिलिप्पैत, त्याला आणि त्याचा सोबती सीला याला आधी छड्या मारून पाय लाकडी खोड्यात अडकवले होते आणि मध्यरात्री हे दोघं स्तुतीची गाणी गात होते. त्या तुरुंगाचा अधिकारी त्याच रात्री कुटुंबासकट बाप्तिस्मा घेतो. म्हणजे पत्र वाचणाऱ्या मंडळीला पक्कं माहीत होतं की हा माणूस बोलतो ते जगून बोलतो. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. सगळं नीट झाल्यावर आभार मानायचे असं त्यात कुठंच नाही, पाय खोड्यात असतानाच मानायचे.

म्हणून आता रात्री जाग आली की मोबाईल हातात घ्यायच्या आधी मी तोंडानं बोलते, हळूच, ह्यांची झोप मोडणार नाही असं. छप्पर आहे, आभार. मुलं वर झोपलीत, आभार. 2019 ला बोट घेऊन आलेली ती पोरं, नावं पण माहीत नाहीत, त्यांच्यासाठी आभार. बोलता बोलता श्वास आपोआप खाली बसतो. भीती जाते असं नाही म्हणणार मी, पण ती मला ओढून नेत नाही.

एक मात्र मनापासून लिहायचंय. आमच्या चर्चच्या मंडळीतली एक ताई याच त्रासासाठी डॉक्टरांकडे जाते, गोळ्या चालू आहेत, आणि कुणीतरी तिला म्हणालं की विश्वास कमी पडतोय. मला हे अजिबात पटलं नाही. डॉक्टर पण देवानंच दिलेत, त्यांच्यासाठी पण आभारच मानायचे. तिला मी आज फोन केला, आम्ही दोघींनी फोनवरच प्रार्थना केली, आधी आभार मग मागणं, ती रडली थोडी, मग हसली पण.

संध्याकाळी ह्यांनी कागदपत्रांची फाईल, गॅसचं पुस्तक, सासूबाईंच्या गोळ्या सगळं वरच्या खोलीत नेलं. प्रार्थना केली म्हणून सामान खाली ठेवायचं असं थोडंच आहे. शास्त्र मात्र सासूबाईंनी स्वतः उचलून नेलं, आणि उद्याचं कुटुंबप्रार्थनेचं वाचन तू घे म्हणाल्या. मी बायबलमधलं आभाराचं स्तोत्र 103 काढून ठेवलंय.