थोरले शाहू तळाला का? राजांच्या तक्त्याची नवी नोंद

कोणता राजा आज किती शोधला जातो आणि माझ्या लेखी त्याचं मोल किती, हे शेजारी मांडणाऱ्या माझ्या तक्त्यात राष्ट्रकूट घराणं भरून झालं, साताऱ्याची गादीही झाली. पद्धत तीच: एका रकान्यात विकिपीडियाच्या पानाला मिळालेल्या भेटी, दुसऱ्यात गूगल ट्रेंड्स (एखादं नाव गूगलवर किती शोधलं जातं ते), तिसऱ्यात माझे गुण. गुण देताना बघायचं एवढंच की राजा गेल्यावर त्यानं उभं केलेलं किती टिकलं.

ट्रेंड्स वापरणाऱ्यांसाठी: तिथे एका वेळी मोजकीच नावं बसतात आणि आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात. शिवाजी महाराजांना घेतलं की उरलेले सगळे तळाला चिकटतात. १९ फेब्रुवारीच्या आठवड्यात तर विचारूच नका. म्हणून महाराज वेगळ्या पानावर, आणि प्रत्येक गटात ताराबाई कायम. बाकीच्यांना त्यांच्याशी ताडून बघायचं. चित्रपटांमुळे सरासरीही सोडली. संभाजी महाराजांचा फेब्रुवारी २०२५चा सुळका अख्खं वर्ष फुगवतो, मध्यक (ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतला की आलेख ताळ्यावर येतो.

सगळ्यात मोठी तफावत थोरल्या शाहूंची: गुणांत वर, भेटींत तळाला. १७०८ला साताऱ्यात राज्याभिषेक, १७४९ला निधन. मधल्या काळात १७१९च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी (महसुलातला वाटा) पदरात पडली, फौजा माळवा, बुंदेलखंड करत १७३७ला दिल्लीच्या वेशीवर पोचल्या. १७२०मध्ये एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाई दिली ती यांनीच. लोक शोधतात बाजीरावाला! त्यातही विकिपीडियाच्या भेटींची सध्याची आकडेवारी जुलै २०१५पासूनची आणि त्याच्यावरचा चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरातला, त्यामुळे चित्रपटाआधीची पातळी ठरवायला जेमतेम पाच महिने हाताशी. शाहूंसाठी ट्रेंड्सचा रकाना मी रिकामाच ठेवलाय, कारण ‘शाहू महाराज’ टाकणारे बरेच जण कोल्हापूरच्या राजर्षींकडे निघालेले असतात.

राष्ट्रकूटांत अमोघवर्षाला मी भरघोस गुण दिले. सुमारे ६४ वर्षांचं राज्य, आणि सुलेमान या अरबी व्यापाऱ्याच्या नावावरच्या वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत गणलेला ‘बल्हारा’ तो हाच, असं सहसा मानतात. भेटी मात्र नगण्य. पहिल्या कृष्णाचं तर आणखी अवघड. वेरूळचं कैलास लेणं त्याच्या काळचं. लेण्यावरच्या व्हिडिओंत परग्रहवासी हजेरी लावून जातात, राजाचं नाव येईलच असं नाही. आणि नुसतं ‘कृष्ण’ शोधून काय हाती लागणार?

पुढच्या खेपेला देवगिरीचे यादव. माझ्या गुणांत सिंघण वर असेल, भेटींत रामचंद्रदेव. अलाउद्दीन खिलजीच्या पानावरून वाट चुकलेले वाचक त्याला मिळणारच.