अळणी बफर

एप्रिलमधल्या त्या सकाळी मी प्रयोगशाळेत पोहोचले, तेव्हा सोलापूरचे ऊन खिडकीच्या काचेवर आधीच चढले होते. आदल्या संध्याकाळी मी पदव्युत्तर वर्गासाठी तीन सेलोफेन नळ्या फ्रिजमध्ये बिनमिठाच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, डायलिसिससाठी ठेवल्या होत्या; नळीच्या पातळ पडद्यातून मीठ बाहेर झिरपते आणि विकर आत राहते. पहिलीत लाळ होती, दुसरीत मोड आलेल्या मालदांडी ज्वारीचा अर्क आणि तिसरीत एका लवणप्रेमी सूक्ष्मजीवाने आपल्या भोवतालच्या द्रवात सोडलेले विकर (एन्झाइम). तिन्हींतले अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करते. मिठाचे प्रमाण बदलले की प्रत्येकाचा वेग कसा बदलतो, हे विद्यार्थ्यांना पाहायचे होते. आधी सगळ्यांतले मीठ काढून टाकावे, म्हणजे तिन्ही विकरे एका रेषेवरून निघतील, असे मी गृहीत धरले होते.

तिसऱ्या नमुन्यामागे सर्वांत जास्त कष्ट होते. मंगळवार पेठेतून आणलेले खडे मीठ विरघळवून ते २० टक्के मीठ असलेल्या माध्यमावर पसरले होते आणि जवळजवळ महिनाभर थांबल्यावर गुलाबी वसाहती दिसू लागल्या होत्या. समुद्राचे पाणी वाळवून केलेल्या मिठाच्या स्फटिकांत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात, त्यांत हे जीव तग धरून राहतात. त्यांना ऊबही भरपूर लागते, त्यामुळे आमचा उन्हाळा या कामाला सोयीचा ठरला.

पिष्ट शिल्लक असेपर्यंत आयोडीन निळा रंग देते. लाळेच्या नमुन्यात पिष्ट घालून आयोडीनने तपासले, तर निळा रंग बराच वेळ हटेना. हे मला अपेक्षित होते. प्राण्यांच्या अमायलेजमध्ये क्लोराइड आयनासाठी एक ठरावीक जागा असते आणि तो तिथे नसला की विकर मंदावते. अर्धा टक्का मीठ घातले आणि काही मिनिटांत निळा रंग गेला. ज्वारीच्या अमायलेजला या क्लोराइडची गरज नसते, त्यामुळे तिथे मीठ असताना आणि नसताना जवळजवळ सारखाच वेळ लागला.

तिसऱ्या नळीतल्या विकराला त्याचे २० टक्के मीठ परत दिले. दहा मिनिटांनी रंग निळा, अर्ध्या तासाने निळा, तासाभरानेही निळाच. इतक्या मिठात आयोडीनचा रंगच फसवत असेल, अशी मला प्रथम शंका आली. बाटलीत डायलिसिस न केलेला थोडा द्रव उरला होता, तो त्याच मिश्रणात घालून पाहिला. पंधरा मिनिटांत निळा रंग नाहीसा झाला. म्हणजे मिश्रणात दोष नव्हता, रात्रभर बफरमध्ये राहिलेले विकरच मेले होते.

नळ्या धुणारी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ते रात्रभर अळणी पाण्यात होतं. त्यामुळंच झालं असेल का?"

तिचे बरोबर होते. लवणप्रेमी जीवांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लाचे घटक दाटीने असतात, आणि त्यांच्यामुळे तिथे ऋण प्रभार साचलेला असतो. भोवती भरपूर मीठ असते तोवर धन आयन आणि पाणी त्या प्रभारांना आवरून धरतात आणि प्रथिनाची घडी टिकते. मीठ निघून गेले की तेच प्रभार एकमेकांना दूर लोटतात आणि घडी उलगडते. आमच्या नमुन्यात ती परत बसली नाही. अशा जीवांपैकी हॅलोबॅक्टेरियमसारखे काही जीव पेशीच्या आतही पोटॅशियम क्लोराइड प्रचंड प्रमाणात साठवतात, त्यामुळे त्यांच्या आतल्या विकरांनाही हाच नियम लागू पडतो. सतरा वर्षे मी बिनमिठाच्या बफरला तटस्थ मानत आले होते. लाळेसाठी आणि ज्वारीसाठी ते चालून गेले, म्हणून माझ्या सवयीतली चूक कधी उघडी पडली नव्हती. महिनाभराची वाढ मी माझ्या हाताने एका रात्रीत वाया घालवली, याचे मला फार वाईट वाटले.

बाटलीत उरलेल्या द्रवाचे आम्ही चार भाग केले आणि या वेळी ते ०, ५, १० आणि २० टक्के मिठाच्या बफरमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी चारही भागांना पुन्हा २० टक्के मीठ मिळेल असे मिश्रण करून तपासले. शून्य टक्क्याच्या नळीत काहीच घडले नाही, पाच टक्क्यांच्या नळीत निळा रंग तासानंतर जरासा फिका झाला, दहाच्या नळीत चाळीस मिनिटे लागली, आणि विसाच्या नळीसमोर घड्याळ धरून बसलेल्या त्या विद्यार्थिनीने वहीत आकडा लिहिला: सतरा मिनिटे.