क्यू शीटसाठी चौदा महिने

एका रोजच्या मराठी मालिकेचे पार्श्वसंगीत मी केले. ती मालिका १८७ भाग चालली आणि माझे मानधनही तीन हप्त्यांत वेळेवर मिळाले. तरीही त्या कामाची आठवण निघाली की प्रथम डोळ्यांसमोर येते ती क्यू शीट नावाची साधी यादी, जिच्यासाठी मला चौदा महिने त्या निर्मिती संस्थेचे उंबरठे झिजवावे लागले. चित्रपट आणि मालिकांच्या संगीतात उतरू पाहणाऱ्या आपल्या खान्देशातील मुलांना कोणी ही गोष्ट आधी सांगत नाही. मलाही कोणी सांगितली नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. गावच्या भजनी मंडळात पेटी, कानबाईच्या उत्सवात आणि वहीगायनाच्या रात्रींत डफ व संबळ, त्यानंतर जळगावच्या एका स्टुडिओत अहिराणी गाण्यांचे संगीत संयोजन, आणि पुढे चार वर्षे मुंबईत एका संगीतकाराकडे प्रोग्रॅमर, म्हणजे संगणकावर वाद्यांची जुळणी करणारा, म्हणून नोकरी, असा माझा प्रवास झाला. ज्यांना संगीत द्यायचे ती दृश्ये इंटरनेटवरून घरी येऊ लागली तेव्हा मी अमळनेरला परतलो आणि वरच्या खोलीत स्टुडिओ उभा केला. ज्या दिग्दर्शकासाठी पूर्वी लघुपट केला होता, त्यानेच या मालिकेसाठी माझे नाव सुचवले.

रोजच्या मालिकेत प्रत्येक भागासाठी नवे संगीत करायला वेळ नसतो. संगीतकार सुरुवातीला तुकड्यांची एक ‘बँक’ करून देतो, म्हणजे दुःखाचे, संशयाचे, सणाचे, सासू दारात उभी राहण्याचे असे वेगवेगळे तुकडे, आणि पुढे संकलनाच्या टेबलावर बसलेला माणूस ते दृश्यांना लावत जातो. मी असे ६४ तुकडे दिले होते. यांपैकी कोणता तुकडा कोणत्या भागात किती सेकंद वाजला, तो कोणी रचला आणि त्याचा प्रकाशक, म्हणजे त्या संगीताचे व्यावसायिक हक्क सांभाळणारा, कोण, याची भागवार नोंद म्हणजे क्यू शीट. वाहिनीवर संगीत वाजल्याची रॉयल्टी वाटताना हीच नोंद पाहिली जाते. नोंद नसेल, तर संगीत कितीही वाजो, ते कोणाचे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडची आहे, हे मला फार उशिरा समजले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ नुसार चित्रपटात किंवा मालिकेत वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, आणि याच्या विरुद्ध केलेला करार रद्दबातल ठरतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारे संगीत मात्र यातून वगळलेले आहे. माझ्या करारात ‘सर्व प्रकारच्या रॉयल्टीवरील हक्क कायमचा सोडत आहे’ असे वाक्य होते आणि मी ते वाचूनही सही केली होती, कारण पहिली मालिका हातची जाईल अशी भीती होती. त्या वाक्याने माझा हक्क गेला नाही, हे एका वकील मित्राने समजावले त्या रात्री मला महिन्यांनंतर शांत झोप लागली.

गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करून वाटणारी कॉपीराइट सोसायटी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे. तिचे सदस्यत्व मिळवण्यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

घडले ते सगळे निर्मिती संस्थेच्या कार्यालयात. पहिल्या ईमेलला उत्तर आले की क्यू शीट वाहिनीकडे पाठवल्या जातात, तेथे विचारा. वाहिनीने कळवले की आम्ही निर्मिती संस्थेने दिलेलेच पुढे पाठवतो, तेथे विचारा. मी पुन्हा निर्मिती संस्थेला फोन केला, तेव्हा सांगण्यात आले की ते काम पाहणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली आहे. तीन महिने असेच गेल्यावर मी रात्रीच्या खान्देश एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. चार वाजता एका तरुणाने येऊन, ‘सर मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही मेल करा,’ असे सांगितले. त्याच सरांना मी तोपर्यंत अकरा मेल केले होते. अशा चार फेऱ्या झाल्या. घरी परतलो की माय दारातच विचारायची, ‘व्हयनं का रे भाऊ तुनं काम?’ आणि मी मान हलवून वर स्टुडिओत जायचो.

आठव्या महिन्यात त्याच कार्यालयातील एका हिशेबनिसाने दया येऊन मला एका भागाची क्यू शीट दाखवली. त्यात शीर्षकगीताची ओळ नीट भरलेली होती, आणि खाली संपूर्ण भागासाठी एकच ओळ होती: ‘पार्श्वसंगीत, इन-हाउस,’ म्हणजे संस्थेतच केलेले. संगीतकाराचे नाव नाही, तुकड्याचे नाव नाही, कालावधी नाही. पडद्यावर श्रेयनामावलीत रोज माझे नाव झळकत होते आणि कागदावर त्या संगीताला बापच नव्हता. मला त्या दिवशी आलेला राग आजही पूर्ण शमलेला नाही.

येथे एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या पॅन कार्डावर संपूर्ण नाव आहे आणि श्रेयनामावलीत घरचे हाक मारण्याचे नाव. दोन्ही नावे सदस्यत्वाच्या अर्जातच नोंदवावीत, नाहीतर पुढे ही एकच व्यक्ती आहे हे वेगळे सिद्ध करत बसावे लागते.

कार्यालय यादी करणार नाही हे स्पष्ट झाल्यावर मी ती स्वतः करायचे ठरवले. मालिकेचे सगळे भाग ओटीटीवर होते. माझी धाकटी बहीण वही घेऊन बसायची, मी हेडफोन लावून ऐकायचो, आणि तुकडा सुरू झाला की वेळ, संपला की वेळ, असे आम्ही लिहीत गेलो. बावीस मिनिटांच्या एका भागाला दीड तास लागे. ओटीटीवर जाहिरातींच्या जागा काढलेल्या असतात आणि मास्टरवरचा, म्हणजे प्रसारणाच्या मूळ प्रतीवरचा, टाइमकोडही (चालू वेळेचा आकडा) शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे आमच्या वेळा कार्यालयाच्या प्रतीशी जुळत नव्हत्या; पण यादीला तुकड्यांचा क्रम आणि कालावधी लागतो, आणि तो बरोबर येत होता. खरी अडचण तुकडे ओळखण्याची होती. संकलकाने काही तुकडे मधूनच कापले होते, काहींची पट्टी बदलली होती, तर काही ठिकाणी दोन तुकडे एकावर एक ठेवले होते. माझ्या संशयाच्या तुकड्यात संबळ होता, आमच्याच भागातील एका वादकाकडून माझ्या वरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेला, आणि त्याच्या चामड्याचा किंचित सैल आवाज कोणत्याही तयार लायब्ररीत मिळत नाही. कितीही कापले, पट्टी बदलली, तरी तो आवाज लपत नव्हता.

म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या दिवसापासून प्रत्येक तुकड्याला क्रमांकासह नाव द्यावे, मूळ प्रोजेक्ट फाइल तारखेनिशी जपून ठेवावी, आणि तुकडे नेहमी ईमेलसह पाठवावेत, नुसत्या व्हॉट्सअॅपवर नव्हे. मी शेवटचे चौदा तुकडे घाईत व्हॉट्सअॅपवर पाठवले होते, आणि नेमके तेच सिद्ध करणे सर्वांत कठीण गेले. वादक किंवा सहसंगीतकार यांच्याशी रचनेतील वाटा ठरला असेल, तर तोही आधीच लिहून सह्या घ्याव्यात.

आमची यादी पूर्ण व्हायला चार महिने लागले. त्यानंतर मी ती कलम १८ चा उल्लेख असलेल्या, वकिलाने तपासलेल्या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पत्रात भांडण नव्हते, फक्त तयार यादी तपासून सही करावी एवढेच म्हटले होते. ज्या कामाला त्यांच्याकडे माणूस नव्हता, ते काम पूर्ण होऊन समोर आल्यावर दीड महिन्यात १५६ भागांच्या यादीवर सही आणि शिक्का मिळाला. तो लिफाफा पोस्टमनने दिला तेव्हा मी तो मायच्या हातात ठेवला, आणि तिला वाचता येत नसूनही तिने एकेक पान उलटून पाहिले.

उरलेल्या ३१ भागांत माझ्या व्हॉट्सअॅपवरच्या तुकड्यांचा भरणा आहे आणि त्यांची तपासणी अजून सुरू आहे. दरम्यान नव्या मालिकेच्या करारात मी एक कलम घालून घेतले आहे, की प्रत्येक भाग प्रसारित झाल्यापासून तीस दिवसांत त्या भागाच्या क्यू शीटची प्रत संगीतकाराला दिली जाईल. हे कलम मागितल्यावर निर्मात्याने फक्त एवढेच विचारले की प्रत कोणत्या ईमेलवर पाठवायची.